तांदळाच्या डब्यातलं पास्कल

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक कागद लिहिला आणि वर्गाच्या भिंतीला चिकटवला. रत्नागिरीच्या दमट हवेत चिकटपट्टी दोन दिवसांत मान टाकते, म्हणून घरून मैद्याची खळ करून नेली होती. खळ बायकोनं केली होती, त्यामुळे ती पक्की होती. मजकूर मी केला होता. बावीस ओळी होत्या. एकवीस बरोबर होत्या आणि एक साफ चूक. पुढं तो कागद काढायची वेळ आली तेव्हा त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही निघून आला. तो टवका अजून तिथं आहे. नवीन मुलं विचारतात, "सर, इथं ओल आली होती का?" मी हो म्हणतो.

मी संगणकाच्या वर्गात शिकवतो. नातेवाइकांत माझी ओळख 'कॉम्प्युटरवाले साळवी' अशी आहे आणि त्या नात्यानं मी आजवर तीन मिक्सर, एक इन्व्हर्टर आणि एका आत्याचं कानातलं यंत्र उघडून बघितलं आहे. मिटताना प्रत्येक वेळी एक स्क्रू उरला. खरं काम सांगितलं तर कुणाला पटत नाही. यंत्र मुलांना जे टाकून बोलतं त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगणं, हे माझं खरं काम.

तेव्हा आम्ही पास्कल शिकवायचो. ही एक भाषा आहे, यंत्राला कामं सांगायची. आता ती फारशी कुणी शिकत नाही, पण आमच्या वेळी रत्नागिरीत जो कोणी संगणकाला हात लावायचा तो पास्कलच्या दारातूनच आत यायचा. आणि आत येताना चपला बाहेर काढायचा. खोली थंड, खिडक्यांना पडदे, पाच यंत्रं, आणि बाहेर चपलांचा ढीग. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. एका वर्षी हळद कीबोर्डात गेली आणि दिवाळीपर्यंत एन हे अक्षर उमटेना.

मुलगा प्रोग्रॅम लिहितो म्हणजे काय काय करायचं ते ओळीओळीनं लिहून काढतो. यंत्राला ते थेट कळत नाही. मधे एक दुभाषा बसलेला असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा स्वभावानं कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनासारखा. अर्ज वरून वाचायला घेतो, पहिली चूक दिसली की थांबतो, तिथं बोट ठेवतो आणि इंग्रजीत तीन-चार शब्द पुटपुटतो. पुढच्या चुका सांगत नाही. पहिली निस्तरून पुन्हा रांगेत या, मग दुसरी सांगेल.

त्या तीन-चार शब्दांवर माझं घर चाललं. 'अननोन आयडेंटिफायर' असं तो म्हणाला की समजायचं, ओळख करून न देता कुणाला तरी घरात घेतलंय आणि ओटीवरचा म्हातारा विचारतोय, कोणाचा रे तू? 'टाइप मिसमॅच' म्हणजे दोन हापूस अधिक एक बांगडा किती, असं तुम्ही विचारलंत. तो म्हणतो, आधी जेवायचंय काय ते ठरवा. आणि 'सेमिकोलन एक्स्पेक्टेड', म्हणजे अर्धविराम राहिला, हा सगळ्यात फसवा. कारण चूक असते वरच्या ओळीच्या शेवटी आणि बोट असतं खालच्या ओळीवर. बिचाऱ्याचा इलाज नसतो. वरची ओळ संपली नाही हे त्याला खालची वाचायला लागल्यावरच कळतं.

हे सगळं मी त्या कागदावर मराठीत लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बाविसावा निरोप होता 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल'. फाइल अवचित संपली. याचा अर्थ मला माहीत नव्हता. पुस्तकात शोधायचं होतं, पण पुस्तक कार्यालयाच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली रजेवर होती. मग मी डोकं चालवलं.

तेव्हा प्रोग्रॅम फ्लॉपीवर ठेवायचे. पोह्याच्या पापडाएवढी काळी चौकोनी चकती, कागदी पाकिटात. आणि आमच्याकडे आषाढात पापडाचं जे होतं तेच फ्लॉपीचं व्हायचं. बुरशी यायची. खरोखरच यायची, पांढरी, बारीक. मी दोन आणि दोन चार केले. फाइल अवचित संपली म्हणजे पुढचा भाग बुरशीनं खाल्ला. मी बाविसावी ओळ लिहिली: 'फ्लॉपीला बुरशी. नवी फ्लॉपी घेऊन प्रोग्रॅम पुन्हा टाइप करावा. फ्लॉपी कोरड्या तांदळात ठेवावी.'

तांदळाची कल्पना पूर्ण माझी. घरी मी माझ्या बारा फ्लॉप्या मंगलच्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. मंगल म्हणजे माझी बायको, लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. दर रविवारी मी विचारायचो, "फ्लॉप्यांना बुरशी नाही ना आली?" ती म्हणायची, "नाही." मी सोमवारी वर्गात सांगायचो, पाहा, माझ्या घरचा अनुभव आहे.

दुर्दैव असं की उपाय लागू पडत होता. ज्या मुलाला हा निरोप यायचा तो दुसऱ्या फ्लॉपीवर सगळं पुन्हा टाइप करायचा, आणि दुसऱ्यांदा टाइप करताना बहुतेकदा मूळची चूक आपसूक सुधारायची. प्रोग्रॅम चालायचा. मुलगा म्हणायचा, "सर, बुरशीच होती." मी मान डोलवायचो. वर्गातल्या वीस घरांत तांदळात फ्लॉप्या होत्या.

अशात सुजाता आली. अलोऱ्याची. वडील कोयना प्रकल्पात वायरमन, राहायला कॉलनीत. ती इथं मावशीकडे राहून शिकत होती. कमी बोलायची. एका बोटानं टाइप करायची, पण त्या बोटाला घाई नव्हती आणि चूकही नव्हती. वडिलांशी तिचा करार होता: एक वर्ष कॉम्प्युटर. जमलं तर पुढं; नाही जमलं तर डीएड करून मास्तरीण व्हायचं.

वर्षाअखेरीला प्रत्येकानं एक मोठा प्रोग्रॅम करून द्यायचा असे. सुजातानं कॉलनीच्या वाचनालयाचा केला. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, किती दिवस झाले, सगळं दाखवायचा. तीनशे ओळी. चालत होता. मी स्वतः चालताना पाहिला होता. शनिवारी जमा करायचा, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला म्हणालो, "सुजाता, डोक्यावर नाव राहिलंय."

हा माझा नियम होता. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला करणाऱ्याचं नाव, गाव आणि मार्गदर्शकाचं नाव पाहिजे. मार्गदर्शक म्हणजे मी. पास्कलमध्ये असा मजकूर महिरपी कंसात लिहितात. कंस उघडला की कंपायलर समजतो, हे माणसांचं आपसातलं बोलणं आहे, आपल्याला देणंघेणं नाही. आणि कंस मिटेपर्यंत डोळे मिटून घेतो.

सुजातानं नाव लिहिलं, गाव लिहिलं, 'मार्गदर्शक श्री. साळवी सर' असं लिहिलं. कंपायलर म्हणाला, अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल.

मी भिंतीकडे बोट केलं.

तिनं नवी फ्लॉपी आणली. वहीत सगळा प्रोग्रॅम उतरवलेला होता, तो बघून तीनशे ओळी पुन्हा टाइप केल्या. पुन्हा तेच.

"सर, पण शेवटची ओळ पडद्यावर दिसतेय की."

"दिसते," मी म्हणालो. "बुरशी आतून असते."

हे वाक्य मी उच्चारलं होतं. छापून येईल तेव्हा नातेवाईक वाचतील, पण असो.

तिसऱ्यांदा मी तिला माझ्या डब्यातली, तांदळात मुरलेली फ्लॉपी दिली. सोमवारी संध्याकाळी तिचं टाइप करून झालं. पुन्हा तेच. मी म्हणालो, "तुमच्या अलोऱ्याची हवाच दमट, तू येतानाच घेऊन येतेस." गंमत म्हणून म्हणालो. ती हसली नाही. तिनं छापील कागदाची चळत आणि फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेली.

मंगळवारी आली नाही. बुधवारी तिची मावशी आली आणि वर्गाचं ओळखपत्र परत करून म्हणाली, "ती गेली घरी. म्हणाली, हे आपल्या डोक्याचं काम नाय. डीएडचा फॉर्म आणलाय तिच्या बाबांनी."

मला वाईट वाटलं, पण वाईट बुरशीचं वाटलं. ही माझी त्या दिवसाची प्रगती.

त्या तुकडीत मुकादम चाचा होते. राजिवड्याचे, जहाजाच्या इंजिनखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मुलानं आखातातून संगणक पाठवला, तो उघडायची भीती वाटत होती म्हणून वर्गात यायचे. मुलांच्या मधे बसायचे आणि कंपायलरशी मोठ्यानं भांडायचे. "अरे हो हो, ऐकलं. एकदाच बोल."

मावशी गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि चळत उलगडली. बाजूला भोकं असलेला लांबलचक कागद, जमिनीपर्यंत पोचला.

"ही पोरगी तीन डाव लिहिते आणि तीन डाव बुरशी तेवढीच खाते?" ते म्हणाले. "साळवीसाहेब, ही बुरशी फार शिस्तीची."

"चाचा, यंत्र शेवटच्या ओळीवर दाखवतंय."

"तर दाखवू दे. आमच्या बोटीवर घंटा वाजायची ती वर, कप्तानाच्या बाजूला. नवीन पोरं वर पळायची. गळती असायची खाली, कुठं तरी मागं. घंटा वाजते ती जागा गळतीची नसते. गळती कळली ती जागा असते."

आता हे मीच अर्धविरामाबद्दल वर्षभर शिकवत होतो. एका ओळीपुरतं. वरच्या ओळीत बघा, म्हणून. आणखी वर बघावं, पार पहिल्या ओळीपर्यंत, हे मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघं खाली बसलो आणि कागद शेवटाकडून वर वाचत गेलो. चाचांचा चष्मा आणि माझं बोट. तीनशे ओळींत एक खोट सापडली नाही. मग आलं तिसऱ्या ओळीवर. 'मार्गदर्शक श्री. साळवी सर.' उघडलेला कंस होता. मिटलेला नव्हता.

माझ्या नावापाशी कंपायलरनं डोळे मिटले होते आणि कुणी उघड म्हटलंच नव्हतं. तीनशे ओळी तो झोपेत गेला, आणि फाइल संपल्यावर दचकून उठला. वहीतच तो कंस राहिला होता, म्हणून तिन्ही वेळा ती माझ्या नावासकट तीच चूक इमानानं उतरवत होती.

मी फ्लॉपी घातली. कंस मिटला. एक कळ. प्रोग्रॅम चालला आणि पडद्यावर विचारू लागला, पुस्तकाचा क्रमांक सांगा.

चाचांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमचं नाव वजनदार आहे, साहेब."

गुरुवारी मी रजा काढून एसटीत बसलो. चिपळूणपर्यंत मी एक वाक्य तयार केलं: 'फ्लॉपी अखेर दुरुस्त झाली.' सुरेख वाक्य होतं. त्यात कुणाचीच चूक नव्हती. मुलगी परत आली असती, प्रोजेक्ट जमा झालं असतं, भिंतीवरचा कागदही राहिला असता. चिपळूणला गाडी बदलली आणि अलोऱ्यापर्यंत ते वाक्य पाठ केलं.

कॉलनीतली घरं सगळी एकसारखी. दोन चुकीची दारं वाजवून तिसऱ्याला बरोबर घरी पोचलो. वडील दारात आले.

"जयभीम सर. या, या. पावसातनं कशाला त्रास घेतलात? निरोप धाडायचा."

आत टेबलावर डीएडचा फॉर्म होता. पूर्ण भरलेला. सुजाताचं ते सावकाश, गोल अक्षर. खाली पालकांच्या सहीची जागा तेवढी मोकळी, आणि शेजारी पेन. सुजाता आतल्या दाराशी उभी राहिली. ये नाही, बस नाही.

मी वाक्य काढणार तेवढ्यात तिची आई एक पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून झाकण उघडलं. तांदूळ. त्यातून दोन काळ्या कडा वर आलेल्या.

"सर, रविवारी ही फ्लॉप्या घरी आणायची. तुम्ही सांगितलंत तवापासनं ह्या तांदळाला हात लावला नाय," ती म्हणाली. "पाव्हणे आले तरी दुकानातनं आणला. वायच बघा तरी, आमचं काय चुकलं ते."

एसटीत पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कळलं नाही. मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. बुरशी नव्हतीच."

मी पिशवीतून कागद काढला आणि सुजाताला तिसरी ओळ दाखवली. तिनं एकदाच बघितली.

"कंस."

"हो."

"तुमच्या नावापुढचा."

"हो."

"म्हणजे तुमच्या नावानंतर मी जे लिहिलं ते त्यानं वाचलंच नाही. तीनशे ओळी."

"तीनशे बारा," मी म्हणालो. अशा वेळी आकडा अचूक सांगायची गरज नसते हे मला अजून समजत नाही.

"सर, मी तीन वेळा टाइप केलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तिसऱ्या वेळी मावशीला म्हटलं, माझ्यातच काही तरी कमी आहे. तुम्ही एकदा म्हणायचं होतं, मला माहीत नाही. मी शोधलं असतं."

पस्तीस वर्षं व्हायला आली नोकरीला. त्या वाक्याएवढं नेमकं मला कुणी बोललेलं नाही, कंपायलरनंसुद्धा.

वडील विचार करत होते. "म्हणजे हिला येतं?"

"माझ्यापेक्षा बरं येतं."

"आणि ह्या तांदळाचं काय?" आईनं विचारलं.

"तो शिजवा," मी म्हणालो.

आधी वडील हसले, मग आई. सुजाता शेवटी हसली आणि तीही थोडीच. तिनं टेबलावरचा फॉर्म उचलला, घडी केली आणि वडिलांच्या हातात दिली. मग मला म्हणाली, "उद्या येते. पण तो भिंतीवरचा कागद काढायचा. आणि तुमचं नाव मी खाली घेणार."

"खाली कुठं?"

"शेवटच्या पूर्णविरामानंतर."

पास्कलमध्ये प्रोग्रॅम 'एंड' आणि पूर्णविराम यांनी संपतो. त्याच्या खाली काहीही लिहा, कंपायलर वाचत नाही. मार्गदर्शकांना तिथं धोका नसतो, असं तिचं म्हणणं.

शुक्रवारी ती आली, शनिवारी प्रोजेक्ट जमा झालं. कागद मी खरवडून काढला, ते सांगितलंच. त्याच्या जागी आम्ही एक वही ठेवली. ज्याला जो निरोप येईल त्यानं तो वहीत लिहायचा, आणि खाली लिहायचं, खरी चूक कुठं निघाली. पहिली नोंद सुजातानं केली. 'निरोप: फाइल अवचित संपली. दाखवलेली जागा: शेवटची ओळ. खरी जागा: साळवी सर.' वही आता जाडजूड झाली आहे. पास्कल गेलं, दुसऱ्या भाषा आल्या, आताचे कंपायलर तर परिच्छेदच्या परिच्छेद बोलतात आणि उपायही सुचवतात, आत्मविश्वासानं. ते वाचलं की मला माझा कागद आठवतो.

सुजाता आता चिपळूणला संगणक शिकवते. तिच्या वर्गात मार्गदर्शकाचं नाव सगळ्यांत खाली असतं. मधे फोनवर म्हणाली, "सर, मला एखादा निरोप कळला नाही की मी पोरांसमोर सांगते, मला माहीत नाही. पहिल्यांदा जीभ जड जाते." मी म्हटलं, मला अजून जाते.

एक मात्र मी आजवर सोडलेलं नव्हतं. बुरशीनं प्रोग्रॅम खाल्ला नसेल, पण तांदळाचा उपाय खोटा नव्हता. माझ्या बारा फ्लॉप्या अख्खा पावसाळा डब्यात होत्या आणि एकीलाही बुरशी धरली नाही. हे मी चारचौघांत सांगतो, आणि या लेखाच्या शेवटीही तसंच लिहिलं होतं. काल मंगलला वाचून दाखवला. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवट आला तशी म्हणाली, "तेवढं काढा."

"का?"

"फ्लॉप्या डब्यात नव्हत्या. भाताला प्लास्टिकचा वास यायला लागला, म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून कपाटावर ठेवल्या. पावसाळाभर तिथंच होत्या. तुम्ही शोधायला लागलात की घाईनं पुरायचे."

मी म्हटलं, "अगं, मी दर रविवारी तुला विचारत होतो."

"तुम्ही विचारत होतात, बुरशी आली का," मंगल म्हणाली. "नव्हती आली. डब्यात आहेत का, असं एका रविवारी तरी विचारलंत का?"